हाड मोडले नाही, मग दुखते कशाने?

दिवाळीच्या सुटीनंतरचे दिवस होते. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञानशिक्षकांच्या बैठकीसाठी आम्ही गेलो होतो. आजूबाजूच्या शेतांत कापसाची वेचणी चालू होती. दुपारच्या सुटीत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी चुलीवरचे पातेले उतरवण्यासाठी एका गुरुजींना हाक मारली. गुरुजींनी पातेले उतरवून दिले. हे रोजचेच असावे. आम्ही सहज विचारले, तेव्हा मावशींनी उजवे मनगट पुढे केले. मागच्या वर्षी कापसाच्या बंडीवरून त्या पडल्या होत्या. पडताना तळहात टेकला, मनगट सुजले, एक्स-रे फोटोही काढून झाला.

"हाड तं मोडलं नाई म्हनते. मंग दुखते कायले, भाऊ?"

मावशी आत गेल्यावर गुरुजींनी आम्हाला बाजूला घेतले. म्हणाले, "फोटो आम्हीही पाहिला. काहीच नाही त्यात. गावात काही जण म्हणतात, कामाचा कंटाळा, म्हणून सोंग आहे. तुम्हाला काय वाटतं?"

आम्ही डॉक्टर नाही, पदार्थविज्ञानाचे अभ्यासक आहोत. परंतु हा प्रश्न वैद्यकाइतकाच विज्ञानाच्या पद्धतीचाही आहे. एखादी गोष्ट फोटोत दिसली नाही म्हणजे ती झालीच नाही, असे म्हणता येते काय? मनगटाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्याची हकिकत येथे सांगत आहोत.

आठ हाडांचा सांधा

मनगट म्हणजे एकच सांधा, असा आपला समज असतो. खरे तर कोपरापासून येणारी दोन हाडे (अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना) आणि तळहाताची पाच हाडे यांच्या मधोमध आठ छोटी हाडे दोन ओळींत बसवलेली असतात. कोपराकडील ओळीतली दोन हाडे आपल्या गोष्टीत महत्त्वाची आहेत. अंगठ्याच्या बाजूचे स्कॅफॉइड, म्हणजे होडीच्या आकाराचे. आणि त्याच्या शेजारचे ल्यूनेट, म्हणजे चंद्रकोरीसारखे. अंगठा ताणून वर उचलला की मनगटापाशी एक खळगा पडतो. जुनी माणसे त्यात तपकिरीची चिमूट ठेवत. त्या खळग्याच्या तळाशी बोटाला लागते ते स्कॅफॉइड.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. मनगट हलवणारे स्नायू कोपराकडच्या भागात असतात आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटावरून पुढे जाऊन बहुतांशी तळहाताच्या हाडांना जोडलेल्या असतात. स्कॅफॉइड, ल्यूनेट आणि त्यांच्या शेजारचे ट्रायक्वेट्रम या तिघांना मात्र एकही कंडरा चिकटलेली नसते. म्हणजे या ओळीला स्वतःचा लगाम नाही. वरची आणि खालची हाडे ढकलतील तशी ती सरकते आणि कलते. तिला ताळ्यावर ठेवतात ते हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे, म्हणजे अस्थिबंध. स्कॅफॉइड आणि ल्यूनेट यांना जोडणारा अस्थिबंध इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराचा असतो आणि हाताच्या पाठीकडचा त्याचा भाग सर्वांत मजबूत असतो.

हा बंध तुटला तर हाड एकही मोडत नाही, पण ओळ बिघडते. ओझे आले की हाडे आपापली जागा सोडून कलतात. यालाच मनगटाची अस्थिरता म्हणतात.

आधी मोडलेले हाड 'निखळले' ठरत होते

अठराव्या शतकापर्यंत युरोपातील शल्यचिकित्सक हातावर पडून वाकड्या झालेल्या मनगटाला सरसकट 'सांधा निखळला' म्हणत. फ्रान्समधील लिऑन शहराचे क्लोद पूतो यांनी त्यावर शंका घेतली होती. त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १७८३ साली छापले गेले, पण फारसे कोणी वाचले नाही. पुढे १८१४ साली डब्लिनचे अब्राहम कोलेस यांनी लिहिले की बहुतेक वेळा सांधा निखळलेला नसतो. सांध्याच्या थोडे अलीकडे रेडियस हाड मोडलेले असते. आजही या अस्थिभंगाला कोलेसचे नाव आहे. विशेष म्हणजे त्यांच्यापाशी एक्स-रे नव्हते. रुग्णाचा हात ओढून धरला की आकार सरळ होतो आणि सोडला की पुन्हा वाकडा होतो, एवढ्या निरीक्षणावरून त्यांनी अनुमान केले.

१८९५ च्या नोव्हेंबरात विल्हेल्म रंटगेन यांना एक्स-रे सापडले. त्यांनी काढलेले सर्वांत प्रसिद्ध चित्र एका हाताचेच आहे, त्यांच्या पत्नीच्या बोटांतील अंगठीसह. आता हाड मोडले की नाही हे डोळ्यांनी दिसू लागले. कोलेसचा मुद्दा पडताळता आला. पण याच वेळी एक नवी चूक पदरात पडली. जे दिसते तेच खरे, असे वाटू लागले.

एक्स-रे किरणांना हाड का अडवते, हे वर्गात सांगण्यासारखे आहे. हाडात कॅल्शियम (अणुक्रमांक २०) आणि फॉस्फरस (१५) असतात. स्नायू, त्वचा, अस्थिबंध यांत मुख्यतः कार्बन (६), नायट्रोजन (७), ऑक्सिजन (८) आणि हायड्रोजन. तपासणीसाठी वापरतात त्या किरणांचे शोषण ढोबळ मानाने अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या ऑक्सिजनपेक्षा कॅल्शियम सुमारे पंधरा पट किरण शोषते. अस्थिबंध आणि त्याच्या भोवतालचे मांस यांत असा फरक नसतो. म्हणून साध्या फोटोत बंध शाबूत असला तरी दिसत नाही आणि तुटला तरी दिसत नाही. मावशींच्या फोटोत काही नव्हते याचा नेमका अर्थ एवढाच, की मोडलेले हाड दिसले नाही.

फट वाचणारा डॉक्टर

या कोंडीतून वाट काढणारा पहिला माणूस पुन्हा लिऑनचाच. एत्येन देस्तो यांनी १८९६ मध्येच तेथील ओतेल-द्यू रुग्णालयात एक्स-रेचे काम सुरू केले. मनगट हा त्यांचा खास विषय. १९०५ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'मनगट आणि कामावरचे अपघात'. हे नाव उगीच पडलेले नाही. फ्रान्समध्ये १८९८ साली कामावरील अपघातांच्या भरपाईचा कायदा झाला होता. त्यामुळे मनगट दुखते असे सांगणारा मजूर खरे बोलतो की खोटे, हा प्रश्न पैशांचा झाला होता. घाटंजीच्या गुरुजींनी विचारला तोच प्रश्न!

देस्तोंनी हाडांच्या सावल्यांबरोबर सावल्यांमधल्या मोकळ्या जागाही पाहिल्या. स्कॅफॉइड आणि ल्यूनेट यांच्यामध्ये नेहमीपेक्षा रुंद फट पडलेली त्यांनी नोंदवली. बंध दिसत नाही हे खरे. पण बंधाने धरून ठेवलेली दोन हाडे दूर गेली, तर ते अंतर दिसते. देस्तो १९१८ मध्ये वारले आणि त्यांचा मनगटावरील मोठा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला.

योगायोग असा की आपल्याकडचा कामगार नुकसानभरपाईचा कायदाही १९२३ सालचाच. त्याच्या परिशिष्टात हात, अंगठा, बोटे गमावल्यास कमाईची क्षमता किती टक्के घटली असे धरावे, याची यादी होती. बोट तुटले तर ते मोजता येते. आतला बंध तुटला तर काय मोजायचे? देस्तोंचे काम नंतर बराच काळ मागे पडले आणि या प्रश्नाचे उत्तरही त्याबरोबर लांबले.

तीन रिळांचा प्रयोग

पुढचे पाऊल १९४३ साली लंडनमध्ये पडले. गाइज रुग्णालयाचे गिल्फर्ड, बोल्टन आणि लॅम्ब्रिन्युडी यांनी मनगटाकडे यंत्र म्हणून पाहिले. त्यांचा मुद्दा समजून घेण्यासाठी एक सोपा प्रयोग करू. तो मुलांकडूनही करून घेता येईल.

शिलाईच्या दोऱ्याची तीन रिकामी रिळे घ्या. तिन्हींतून एक सुतळी ओवा. पहिले रीळ म्हणजे रेडियस, मधले म्हणजे ल्यूनेट, तिसरे म्हणजे पुढच्या ओळीतले कॅपिटेट हे हाड. सुतळीची दोन्ही टोके ओढून धरा. रिळे सरळ रेषेत राहतात. आता सुतळी सैल सोडून दोन्ही टोकांकडून रिळे तळहातांनी दाबा. मधले रीळ झटकन एका बाजूला निसटते. ओढ असेपर्यंत साखळी स्थिर, दाब आला की कोसळली.

आता मधल्या आणि तिसऱ्या रिळाला बाजूने एक पेन्सिल लावा आणि दोन्हीकडे रबरबँडने घट्ट बांधा. पुन्हा दाबा. साखळी बरीच तग धरते. ही पेन्सिल म्हणजे स्कॅफॉइड. दोन ओळींना सांधणारा हा पूल आहे. रबरबँड म्हणजे अस्थिबंध. शेवटी पेन्सिल तशीच ठेवून मधल्या रिळावरचा रबरबँड कापा आणि दाबा. पेन्सिल मोडलेली नाही, तरी साखळी कोसळते. रबरबँड ठेवून पेन्सिलच मधोमध मोडली तरीही तेच होते.

या छोट्या प्रयोगात अर्धा इतिहास आला. स्कॅफॉइड मोडून न जुळलेले मनगट आणि बंध तुटलेले मनगट ही दोन्ही सारख्याच रीतीने कोसळतात, हे १९७० साली जेफ्री फिस्क यांनी मांडले. कोसळलेल्या मनगटाला त्यांनी घड्या पडणाऱ्या कॉन्सर्टिना या वाद्याची उपमा दिली. आपण पेटीचा भाता म्हणू.

बोटभर अंतर, मूठभर पुरावा

१९७२ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लिनशाइड, डॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातानंतरच्या अस्थिरतेचे निदान आणि वर्गीकरण एका निबंधात मांडले. आजची सगळी चर्चा त्यावर उभी आहे. त्यांनी बाजूने काढलेल्या फोटोवर कोनमापक ठेवले. निरोगी मनगटात स्कॅफॉइड आणि ल्यूनेट यांच्या अक्षांमध्ये साधारण ३० ते ६० अंशांचा कोन असतो. स्कॅफॉइडचा कल पुढे झुकण्याकडे, ट्रायक्वेट्रमचा मागे झुकण्याकडे आणि ल्यूनेट दोघांच्या ओढीत मध्ये उभे असते. स्कॅफॉइडकडचा बंध तुटला की ल्यूनेट ट्रायक्वेट्रमबरोबर मागे कलते, स्कॅफॉइड पुढे पडते आणि कोन ७० अंशांच्या वर जातो.

समोरून काढलेल्या फोटोत याच दोन हाडांतली फट तीन मिलिमीटरपेक्षा रुंद दिसली तर संशय घ्यावा, असे मानतात. टेरी-थॉमस या ब्रिटिश विनोदी नटाच्या पुढच्या दोन दातांत मोठी फट होती. १९७७ साली या खुणेला त्याचेच नाव दिले गेले. विद्यार्थ्यांच्या लक्षात राहील अशीच ही खूण आहे.

ही फट हात टेबलावर सैल ठेवला असता दिसेलच असे नाही. दाब नसताना रिळेही सरळच उभी राहतात! म्हणून मूठ घट्ट आवळून फोटो काढतात. मूठ आवळली की कॅपिटेट हाड खाली दाबले जाते आणि पाचर ठोकल्याप्रमाणे फट उघडते. दोन्ही हातांचे फोटो काढून तुलना करणे तितकेच महत्त्वाचे, कारण काहींची फट जन्मतःच थोडी रुंद असते.

१९८० साली मेफील्ड आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या हातांवर प्रयोग करून दाखवले की तळहातावर पडताना इजा बहुधा स्कॅफॉइड आणि ल्यूनेट यांच्यामध्ये सुरू होते आणि ल्यूनेटभोवती टप्प्याटप्प्याने फिरते. हाताने करायची चाचणी कर्क वॉटसन यांच्या नावाने ओळखली जाते. डॉक्टर स्कॅफॉइडच्या तळहाताकडील उंचवट्यावर अंगठा दाबून धरतात आणि रुग्णाचे मनगट करंगळीकडून अंगठ्याकडे वळवतात. बंध तुटलेला असेल तर हाड सरकते, दुखते आणि दाब काढताच 'खट्' करून जागेवर येते. मात्र सैल सांध्यांच्या निरोगी माणसांतही कधी कधी हाड असे सरकते. सांधा सैल असणे आणि सांधा अस्थिर असणे या दोन गोष्टी वेगळ्या. म्हणून येथेही दुसऱ्या हाताशी तुलना हवीच.

दुखणे अंगावर काढले तर काय होते, हे वॉटसन आणि बॅले यांनी १९८४ साली दाखवले. सुमारे चार हजार मनगटांचे फोटो तपासून त्यांनी झिजेचा ठरावीक क्रम मांडला. आधी स्कॅफॉइड आणि रेडियस यांच्यामधली कूर्चा झिजते, मग झीज पुढच्या ओळीकडे जाते. ही झीज व्हायला वर्षे लागतात. म्हणून 'काही नाही' म्हणून घरी पाठवलेला रुग्ण कैक वर्षांनी संधिवाताचा रुग्ण म्हणून परत येऊ शकतो.

बंध प्रत्यक्ष पाहण्याची सोय नंतर झाली. चेन यांनी १९७९ मध्ये मनगटाच्या सांध्यात बारीक दुर्बीण घालून केलेल्या तपासणीबद्दल लिहिले आणि १९८० च्या दशकात ती पद्धत रुळली. पुढे एमआरआय आले. त्यात बंध दिसतो. परंतु तो दोन-तीन मिलिमीटर जाडीचा असल्याने लहान फाट एमआरआयमध्येही सुटू शकते.

उपचार: लवकर आणि उशिरा

बंध अर्धवट फाटलेला असेल तर पट्टी वा प्लास्टर आणि नंतर व्यायाम यांनी पुष्कळांना बरे वाटते. अस्थिबंधांत संवेदी चेतातंतू असतात. सांध्याची स्थिती ते मेंदूला कळवतात आणि स्नायू त्यानुसार आवळले जातात. काही ठरावीक स्नायूंना शिकवण दिली तर ते बंधाचे थोडे काम अंगावर घेतात. पूर्ण तुटलेला बंध पहिल्या काही आठवड्यांत शिवणे सर्वांत चांगले. हाडे जागेवर आणून बारीक तारांनी काही आठवडे धरून ठेवतात. उशीर झाला की बंधाची टोके आखडतात आणि शिवण धरत नाही. मग इटलीचे ब्रुनेली यांनी १९९५ साली मांडलेल्या पद्धतीप्रमाणे किंवा तिच्या सुधारलेल्या रूपात मनगटाच्याच एका कंडरेची पट्टी काढून तिचा बंध करतात. झीज झाली असेल तर काही हाडे काढून टाकणे किंवा एकमेकांना जुळवून टाकणे एवढेच उरते. त्यात वेदना कमी होते, पण हालचालही कमी होते. उशिराच्या कोणत्याही शस्त्रक्रियेने मनगट पूर्ववत होते असे नाही.

महाराष्ट्रातील एक काम येथे सांगायलाच हवे. मुंबईचे हस्तशल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत 'जेस' नावाची पद्धत विकसित केली. हाडांत बारीक तारा घालून त्या बाहेरून हलक्या दांड्यांना जोडायच्या आणि सांध्याला ओढ द्यायची. ती कमी खर्चाची असल्याने मनगटाजवळच्या अस्थिभंगांसाठीही वापरली गेली. रिळांची साखळी आठवा: ओढ असेपर्यंत ती सरळ राहते. त्याच तत्त्वाचा हा उपयोग.

शाळेत काय करता येईल?

खेळताना मूल तळहातावर पडले, मनगट सुजले, तर चोळू नये, ओढू नये. जाड पुठ्ठा वा पट्टी लावून हात झोळीत बांधावा आणि डॉक्टरांकडे न्यावे. लहान मुलांत बंधापेक्षा हाडाच्या वाढीच्या टोकाला इजा होणे अधिक आढळते. शिवाय जन्मतः मनगटाची आठही हाडे कूर्चेचीच असतात. ती एकेक करून हाडात बदलतात. स्कॅफॉइड साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी फोटोत दिसू लागते. पहिलीतल्या मुलाच्या फोटोत जे दिसत नाही, ते हातात नसते असे नव्हे!

मोठ्यांच्या बाबतीत लक्षात ठेवायची खूण अशी: तपकिरीच्या खळग्यात दाबल्यावर दुखते, पकड ढिली पडते, हात टेकून उठताना कळ येते. अशा वेळी पहिला फोटो स्वच्छ असला तरी दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवावे. स्कॅफॉइडची बारीक चीर पहिल्या फोटोत अनेकदा दिसत नाही. 'दोन्ही हातांचा, मूठ आवळून फोटो काढता येईल का?' एवढे विचारायला हरकत नाही.

यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली सुरू झाले. त्याआधी अशा कामासाठी नागपूर किंवा सेवाग्राम गाठावे लागे. आता अंतर कमी झाले आहे. पण एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी, हा हिशेब बदललेला नाही. वेचणीच्या दिवसांत हात दाखवायला कोण जाणार?

गुरुजींनी मावशींना नेले. मूठ आवळून काढलेल्या फोटोत उजव्या मनगटातली फट डावीकडच्यापेक्षा स्पष्टपणे रुंद निघाली. डॉक्टरांनी दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. शस्त्रक्रिया म्हणजे निदान तीन महिने हाताला काम नाही आणि गुणाची खात्री नाही, हे ऐकून मावशींनी मनगटपट्टी आणि व्यायाम निवडला. पुढच्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा दुखणे कमी होते, गेलेले नव्हते. दोन फोटो त्यांनी पिशवीतून काढून दाखवले. "हे पाहा, फट," त्या म्हणाल्या. ते फोटो गावात बऱ्याच जणांना दाखवून झाले होते.

शाळेत आता एका मोठ्या पातेल्याऐवजी दोन लहान पातेली चुलीवर चढतात.